बिनदाराचं घर

आमच्या सातव्या मजल्यावर एका घराला दार नव्हतं. म्हणजे सरकारनं दिलं होतं. बाकी सगळ्यांना दिलं तसंच, पिवळट रंगाचं, वर नंबर घातलेलं, कडीकोयंड्यासकट. पण खाला, म्हणजे आम्हा सगळ्यांची मावशी, सातव्यावर राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं ते बिजागऱ्यांतून उतरवलं, खाली विटा रचल्या आणि समोरच्या व्हरांड्यात भिंतीला लावून आडवं टाकलं. झालं बाकडं. दाराच्या जागी एक हिरवी चादर लटकवली. तीसुद्धा दिवसभर कपड्याच्या चिमट्यानं एका बाजूला सारलेली असायची.

"खाला, हे काय गं?" आईनं विचारलं.

"बसायला."

"अगं पण दार?"

"ह्येच की दार. बस."

आई बसली नाही. आमचं घर अगदी लगतचं. माझे वडील मी लहान असतानाच गेले होते, घरात आम्ही दोघीच. शेजारी एक सताड उघडं घर असणं आईला सुरुवातीला मुळीच पसंत नव्हतं. सोसायटीचे अध्यक्ष येऊन खालाला सांगून गेले, की दार बसवून घ्या, नियम आहे. खालानं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "नियमात दार द्यायचं हाय. ते दिलंय तुमी. लावायचं कुठं लिवलंय, दावा." अध्यक्ष पाणी पिऊन गेले. ते जात असताना कुणीतरी विचारलं, मग बाथरूमचं दार तरी ठेवलंय का? आतून खालाचा आवाज आला, "ठिवलंय की. मी काय येडी हाय का?"

खाला पंक्चर काढायची. थेरगावला नदीकाठी आमची वस्ती होती तेव्हापासून. नवरा गेल्यावर त्याची हवेची टाकी, पाण्याचं घमेलं आणि चार पाने तिच्याकडं आले, आणि तिनं ते दुसऱ्या दिवसापासून चालवायला घेतले. उंच, काटकुळी बाई. काचेच्या बांगड्या फक्त डाव्या हातात. उजवा हात कामाचा, तो मोकळा. बोटं कायम काळी आणि अंगाला सोल्युशनचा वास. ट्यूब पाण्यात बुडवताना ती तिच्याशी बोलायची. "बोल गं बाई, कुठं दुखतंय?" बुडबुडे आले की म्हणायची, "हां, हितं हाय होय." माणसांशीही तिचं हेच. कोणी गप्प गप्प दिसलं की हातातलं काम न थांबवता विचारायची, "कुठनं हवा जातीय गं तुजी?" बारावीला मी गणितात नापास झाले तेव्हा घरी कुणाशी बोलत नव्हते. तिनं हे विचारलं आणि मी त्या बाकड्यावर बसून हमसून हमसून रडले. तिनं समजूत वगैरे काढली नाही. तिला ते येतच नव्हतं. ती शेजारी बसून मेथी निवडत राहिली आणि निम्मी जुडी माझ्या मांडीत टाकली. पुढं मी सगळा डिप्लोमाचा अभ्यास त्याच बाकड्यावर केला.

आमची वस्ती पुराच्या पट्ट्यात येत होती. पुनर्वसनात आम्हाला मोशीच्या बाजूला इमारत मिळाली. कागदोपत्री आम्ही सगळे 'लाभार्थी' होतो. हा शब्द खालाला भयंकर लागायचा. ऑफिसात कारकुनानं एकदा पुकारलं, "लाभार्थी कुठं आहेत?" तर ही म्हणाली, "लाभार्थी न्हाई आली. मी आलीय."

घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. एका मोठ्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या पिंपातून शाळेतली एक मुलगी चिठ्ठ्या काढत होती. सगळ्यांचा जीव तळमजल्यावर. खालाचा तर पोटाचाच प्रश्न; तळमजला म्हणजे दारातच दुकान. आणि खालाची चिठ्ठी निघाली तळमजल्याची. बायकांनी तिला उचलायचंच बाकी ठेवलं. मग शेवंताबाईची निघाली. सातवा मजला.

शेवंताबाई आणि खाला एकमेकींशी बोलत नसत. वस्तीतल्या नळावरून काहीतरी झालं होतं, मी जन्मायच्याही आधी. शेवंताबाईच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता. त्याला अंगणात आणायचं तरी दोन माणसं लागायची. सातवा मजला ऐकल्यावर शेवंताबाई रडली नाही, भांडली नाही. पदर तोंडाला लावून खुर्चीवर नुसती बसून राहिली. खालानं लांबूनच तिच्याकडं पाहिलं, उठली आणि सरळ स्टेजवर गेली.

"साहेब, माजी चिठ्ठी तिला द्या. तिची मला."

साहेब भला माणूस होता, निवृत्तीला आलेला. म्हणाला, "बाई, तसं करता येत नाही. चिठ्ठीनं आलंय."

"चिठ्ठीला डोळे नसत्यात, साहेब. तुमाला हायेत की."

पण अदलाबदलीला वरची परवानगी लागत होती, आणि वरचं काम वरच्या गतीनं चालतं. आम्ही मोशीला राहायला आलो तरी काही हललं नाही. शेवंताबाईचा नवरा सातव्यावर खाटेला खिळला. खाला दर आठवड्याला बसनं साहेबाच्या ऑफिसात जायची, बसून यायची. शेवटी एकदा तिनं साहेबालाच बोलावलं. "नवी घरं कशी झालीत, बघून तर जावा. चहाला या."

साहेब आला. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. ती आपोआप बंद होती की खालानं वॉचमनला सांगून बंद करवली होती, याचा निकाल आजवर लागलेला नाही. खाला पुढं, साहेब मागं, त्याच्या मागं शिपाई, असे ते जिना चढले. शेवंताबाईच्या घरात पोचेपर्यंत साहेबाचा शर्ट पाठीला चिकटला होता. खालानं त्याला त्या खाटेशेजारीच खुर्ची दिली. शेवंताबाईशी एक शब्द न बोलता तिच्याच स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं आणि बाहेर येऊन अगदी साधेपणानं म्हणाली, "साखर माज्या घरी ऱ्हायली, तळमजल्याला. साहेब, तेवढी घिऊन येता का?"

आम्ही सगळे दारात गर्दी करून उभे. साहेबानं तिच्याकडं पाहिलं. मग खाटेवरच्या माणसाकडं पाहिलं. आणि धाप लागलेली असतानाच तो हसायला लागला. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसला.

"बिनसाखरेचाच द्या, बाई," म्हणाला.

अदलाबदलीचं पत्र नंतर आलं. शेवंताबाई खाली गेली, खाला वर आली. दुकान गेटाशेजारी कडुनिंबाखाली लागलं. चाकणला शिफ्टला जाणारी पोरं तिथं हवा भरायला थांबत, आणि दिवसातून कितीदा तरी ती सात मजले वर-खाली करायची. शेवंताबाई रोज कुणाच्या तरी हाती ज्वारीची भाकरी वर पाठवायची. बोलणं मात्र सुरू झालं नाही. नळाचं भांडण वेगळं आणि घराचं वेगळं, असं खालाचं मत होतं.

एकदा तिच्या घरातून शेगडी चोरीला गेली. आई म्हणाली, "बघ, सांगत होते." खालानं लायटर चादरीबाहेर उंबऱ्यावर ठेवला. "त्याच्या काय कामाची ती लायटरबिगर?" चारपाच दिवसांनी लायटरही गेला. इतकी हसली त्या दिवशी खाला, की बाकड्यावरून उठता येईना. तिला वाटलं होतं चोर लाजेल. तो सोयीचं बघणारा निघाला.

दार का काढलं, हे तिनं मला एकदाच सांगितलं. रविवारची दुपार होती, मी तिच्या केसांना मेंदी लावत होते. लग्न होऊन ती आणि नवरा सोलापूरकडून आले तेव्हा राहायला जागा नव्हती. दिवसभर काम शोधायचं आणि संध्याकाळी पिंपरीच्या बाजारात एका कापडदुकानासमोर जाऊन उभं राहायचं. दुकान कधी बंद होतंय, याची वाट पाहत. शटर खाली आलं की फळीवर पथारी पसरायची.

"लोकांची दारं बंद झाली की आमचं घर उघडायचं," ती म्हणाली. "सकाळी शेटनं शटर उचलायच्या आत उठायचं. न्हाईतर पाणी मारायचा. पोटुशी होते मी तवा."

मी हात थांबवला.

"लाव की," ती म्हणाली. "मेंदी वाळतीय."

त्या मुलाचं पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वस्तीत ती एकटीच होती, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

थंडी पडली की संध्याकाळी दुकान आवरून ती पुलाच्या दिशेनं चालायला लागायची. पुलाखाली झोपणाऱ्यांना गाठून पालिकेच्या निवाऱ्यात नेऊन सोडायचं, हा तिचा उद्योग. तिथं गादी असते, पांघरूण असतं, जेवण मिळतं, हे ती पोटतिडकीनं सांगायची. पण माणसं सहज तयार होत नसत. कुणाचं कुत्रं असायचं, कुणाची गोणी, कुणाला नुसतीच भीती. त्यांच्याशी ती कडाकडा भांडायची. "तुज्यासाठी गादी घातलीया सरकारनं, आन तू हितं दगडावर मरतोस व्हय रं!"

असाच एक म्हातारा निवाऱ्यात जायला अजिबात तयार होईना. भोसरीत एका छोट्या वर्कशॉपवर राखणदार होता. वर्कशॉप बंद पडलं, तिथली खोली गेली, आणि त्याला वाटत होतं की मालक कधीतरी परत येईल आणि आपल्याला पुलाखालीच शोधील. खालानं त्याला इमारतीत आणला. आत स्वतः झोपायची, बाहेर बाकड्यावर तो. आप्पा म्हणायची त्याला.

मग मात्र मजल्यावर कुरबूर सुरू झाली. आईची सगळ्यात मोठी. "तरणी पोर आहे माझ्या घरात. हा कोण, कुठला, काही पत्ता?" खाला ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पत्ता न्हाई म्हणूनच तर आणलाय." आई आतून दाराला दोन कड्या लावायची. तरी सकाळी चहा करताना एक कप जास्तीचा टाकायची. तो मला बाहेर नेऊन द्यायला लावायची, आपण जात नसे.

कुणीतरी तक्रार केली, की सरकारी घरात भाडेकरू ठेवलाय. खरं ठरलं असतं तर घर परत गेलं असतं. तपासणीला एक तरुण मॅडम आल्या. मजल्यावरची सगळी माणसं व्हरांड्यात जमली. आप्पा बाकड्याच्या टोकाला अंग चोरून बसलेला. आम्ही खालाला आदल्या दिवशी पढवून ठेवलं होतं, की भाऊ आहे म्हणून सांग.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"ठावं न्हाई," खाला म्हणाली. "पुलाखाली होता."



"भाडं देतात?"

"कुठनं दील?"

"मग तुमचं नातं काय यांच्याशी?"

खालानं जरा विचार केला. "थंडीचं," म्हणाली.

मॅडमना हे कुठं आणि कसं लिहायचं ते समजेना. त्या म्हणाल्या, "मावशी, असं चालत नाही. कुटुंबाबाहेरचा माणूस घरात असेल तर मला तसं कळवावं लागेल."

आणि तेव्हा माझी आई पुढं आली. पदर खोचलेला, हात पिठाचे. आयुष्यात कधी कुणाशी खोटं न बोललेली बाई.

"माझा मामा आहे तो," ती म्हणाली. "माझ्याकडं आलाय. घरात जागा नाही म्हणून इथं बसतो."

खाला ताडकन म्हणाली, "ए, खोटं कशापायी..."

"तू गप बस, खाला," आई ओरडली. तिला इतक्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

मॅडम आप्पाकडं वळल्या. "आजोबा, ही तुमची भाची?"

म्हाताऱ्यानं मान वर करून आईकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. कुणाचा चेहरा त्याला तिथं दिसला, देव जाणे.

"व्हय," तो म्हणाला. "ल्हान होती तवा खांद्यावर घिऊन जत्रा दावलीय हिला."

आई मटकन बाकड्यावर बसली. पहिल्यांदाच. आणि तोंडावर पिठाचे हात घेऊन रडायला लागली. तिच्या माहेरचं कुणीही उरलेलं नव्हतं. आईबाप गेले होते, गावचं घर पडलं होतं, भावानं संबंध तोडले होते. मॅडमनी फाइल मिटली. त्यांना सगळं कळलं होतं, असं मला अजूनही वाटतं. जाताना त्या आईला हळूच म्हणाल्या, "मामांना निवाऱ्यात जागा करून देते. औषधपाणीही होईल. रविवारी येत जातील तुमच्याकडं."

आप्पा भाचीच्या शब्दाखातर निवाऱ्यात गेला. कोण सांगतंय ते महत्त्वाचं असावं. खालाचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. दर रविवारी तो आंघोळ करून, भांग पाडून यायचा आणि आईच्या हातचं जेवायचा. येताना दोन केळी आणायचा. दिवाळीला आईनं त्याला उटणं लावलं. तो वारला तेव्हा आईनं मामाचं सुतक पाळलं. खाला पंधरा दिवस आईला स्वयंपाक करू देत नव्हती.

मला चाकणच्या कंपनीत क्वालिटीला नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही रावेतला फ्लॅट घेतला आणि मी आईला माझ्याकडं घेऊन आले. एका रविवारी खालून गेटवरून फोन आला. "मॅडम, एक आजी आल्यात. नाव विचारलं तर म्हणतात, सातवा मजला आलाय म्हणून सांग."

मी धावत खाली गेले. खाला ठेचा घेऊन आली होती. सगळं घर तिनं फिरून बघितलं, नळ सोडून पाहिले, आईच्या गादीवर हात दाबून पाहिला. मग म्हणाली, "शेजारी कोन हाय?"

"माहीत नाही गं. कामावर असतो आम्ही. नवीनच आलेत."

मी चहा टाकायला गेले. परत येते तर खाला गायब. शेजारच्या फ्लॅटमधून तिचा आवाज येत होता. कानपूरकडून आलेली एक नवी सून तिथं राहत होती, आणि खाला तिच्या सोफ्यावर मांडी घालून पोहे खात होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "दुपारची एकटी रडती ती. येळ काढून जात जा."

तेव्हापासून मी जाते.

त्यानंतर ती एकदाही रावेतला आली नाही. गुडघे गेले होते. मीच जायचे, पण मोशीच्या वाहतुकीतून कंपनीची बस निघायची तेव्हा अंधारून आलेलं असायचं, आणि घरी लेक वाट पाहायची. जमेल तसं जायचे. ती कधी "का आली नाहीस" असं विचारायची नाही. सरकून बसायची, एवढंच.

ती गेली ते मला फर्स्ट शिफ्टला कळलं, जेवणाच्या सुट्टीत. लाइनवर फोन नेता येत नाही. मी पोचले तेव्हा जनाजा निघायच्या बेतात होता. लिफ्ट लहान होती, म्हणून जिन्यानं न्यावं लागलं. प्रत्येक मजल्यावर माणसं उभी होती. प्रत्येक मजल्यावर खांदे बदलत होते. शिफ्टवरून परतलेली पोरं कंपनीच्या गणवेशातच खांद्याला लागली. तळमजल्याला शेवंताबाईच्या नवऱ्याला दारात खुर्चीवर आणून बसवलं होतं. त्यानं चांगला हात छातीशी नेला.

शेवंताबाई खाली नव्हती. ती जिना चढून सातव्यावर आली होती, आणि खालाच्या रिकाम्या घरात भिंतीला टेकून बसून भांडत होती. "एवढी कसली गं मिजास तुजी! भाकरी चालली, बोलाया न्हाई चाललं?" माझ्याआधीच रावेतहून पोचलेल्या आईनं तिला जवळ घेतलं. त्या दोघी तिथं बराच वेळ होत्या.

ते घर आता सोलापूरकडून आलेल्या खालाच्या पुतण्याकडं आहे. सरळ मुलगा आहे, रिक्षा चालवतो. त्याला दोन लहान मुली आहेत. त्यानं दार बसवून घेतलं, आणि बरोबरच केलं.

कंपनीत नव्या मुली विचारतात, "मॅडम, तुमचं माहेर कुठलं?" मी मोशी म्हणते. त्यांना वाटतं, आई असेल तिथं. आई तर माझ्याजवळच राहते.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी माझं मन कशातच लागेना. आई स्वयंपाकघरात लाडू वळत बसली होती. मी म्हटलं, "आई, मी जरा माहेरी जाऊन येऊ का?"

आईनं कुठं म्हणून विचारलं नाही. हातातला लाडू पुरता वळून ताटात ठेवला, उठून हात धुतले आणि म्हणाली, "थांब. मीपण येते."